गुरुवारचा मासा

आखातातल्या आमच्या जिदहफ्सच्या घरात दोन खोल्या होत्या आणि त्यांतल्या आतल्या खोलीच्या भिंतीवर एक ट्राउट मासा होता. मेलेला, आत पेंढा भरून शिसवी फळीवर ठोकलेला, एका काचेच्या डोळ्याने आमच्या पलंगाकडे बघणारा. खाली पितळी पट्टी होती. तिच्यावर माशाचं वजन, नदीचं नाव, तो कोणत्या हिवाळ्यात पकडला ते, आणि पकडणाऱ्या साहेबांचं संपूर्ण नाव आद्याक्षरांसकट कोरलेलं होतं. एवढी माहिती आमच्या घरात आजोबांच्या फोटोखालीही नव्हती.

साहेबांचं नाव विल्किन्स. सित्राच्या ज्या वर्कशॉपमध्ये बाबा फिटर होते, तिथले ते मुख्य. दर हिवाळ्यात ते सुट्टी घेऊन मायदेशी जायचे आणि बर्फाळ नदीत कमरेएवढ्या पाण्यात उभं राहून मोठे ट्राउट पकडायचे. परत आले की क्लबात त्या माशांची चित्रं पडद्यावर दाखवली जायची, भाषणं व्हायची आणि सर्वांत मोठ्या माशाबद्दल एक चषक दिला जायचा. स्पर्धेत चौघंच होते आणि चषक दरवर्षी पाळीपाळीने फिरायचा, असं बाबा सांगायचे. ते खुर्च्या मांडायला जायचे, म्हणून त्यांना ठाऊक. आणि पकडलेला मासा हे लोक बहुतेक वेळा फोटो काढून पुन्हा पाण्यात सोडून द्यायचे, हे त्यांनी पहिल्यांदा घरी सांगितलं तेव्हा आई चपाती लाटायची थांबली होती. देवगडच्या खाडीकाठी वाढलेल्या बाईला माणसं मासा पकडून सोडून देतात हे पटवणं सोपं नव्हतं. तिने थोडा विचार करून विचारलं, त्यांच्यात कोणाला रांधता येत नाही का.

बाबांनी साहेबांना लेथवर एक छोटा व्हाइस करून दिला होता. त्यात मासेमारीचा आकडा घट्ट धरायचा आणि त्यावर पिसं, केस, दोरा गुंडाळून किड्यासारखी किंवा छोट्या माशासारखी दिसणारी वस्तू तयार करायची. तिला ते लोक माशी म्हणतात. त्या व्हाइसच्या बदल्यात साहेबांनी बाबांना माशी बांधायला आणि फेकायला शिकवलं. पुढे कायमचे परत जाताना आपली मासे पकडायची जुनी छडी दिली, आणि सामानात मावेना म्हणून तो ट्राउटही दिला. मोठ्या माणसांच्या भेटी अनेकदा अशाच असतात. बाबांनी मात्र तो दोन्ही हातांनी छातीशी धरून कंपनीच्या बसमधून घरी आणला, आणि सबंध बस त्यांच्याकडे बघत होती असं अभिमानाने सांगितलं.

आमच्या गावाकडे गरवायला, म्हणजे गळाने मासे धरायला, जातात तेव्हा दोरीला वजन असतं, वजन खाली जातं, संपलं. ह्या प्रकारात माशीला वजनच नसतं. वजन दोरीला. म्हणून माशी फेकायची नसते, दोरी फेकायची असते. ती मागे पूर्ण उलगडेपर्यंत थांबायचं आणि मग पुढे आणायची. घाई केली की सगळी दोरी पायाशी येऊन पडते. बाबा गच्चीवर सराव करायचे. खाली टायरच्या दुकानात हवा भरण्याच्या यंत्राची धडधड चाललेली असायची, वर बाबांची दोरी हवेत सळसळायची, आणि दर थोड्या दिवसांनी घरमालकीणबाई उम्म अलींच्या वाळत घातलेल्या कपड्यांत आकडा अडकायचा. एकदा त्यांच्या नवऱ्याचा, अबू अलींचा, पांढराशुभ्र पायघोळ थोब कॉलरपाशी फाटला. बाबांना ते रफीक, म्हणजे दोस्त, म्हणायचे. अबू अलींनी तो हातात धरून नीट पाहिला आणि बाबांना म्हणाले, "रफीक, ये मछली बहुत बड़ा है." बाबांनी तो रात्री बसून इतका सुबक रफू केला, की पुढे अबू अली पाहुण्यांना कॉलर दाखवायचे.

बाबांचे हात तसे होते. माशी बांधायला त्यांना अबू अलींच्या बकरीचे केस चालायचे, वेफर्सच्या पाकिटाची चंदेरी पट्टी चालायची, आईच्या विरलेल्या साडीची जर चालायची. शेवटी दोऱ्याची जी गाठ मारायचे ती डोळ्याला दिसायचीसुद्धा नाही. मारून झाली की माझ्या हातात द्यायचे आणि म्हणायचे, "ओढून बघ गो बाय." मी ओढायची. ती कधी सुटली नाही.

त्या वर्षी आई आजारी होती. कसला आजार ते मला तेव्हा नीट सांगितलं नव्हतं आणि आता सांगून उपयोग नाही. औषधांनी तिच्या तोंडाची चव गेली होती. पाण्यालासुद्धा लोखंडाचा वास येतो म्हणायची. डॉक्टरांनी सांगितलं, जे जाईल ते खाऊ द्या. डॉक्टर हे वाक्य कधी बोलतात ते मला आता कळतं. बाबांना ते औषधाच्या चिठ्ठीसारखं वाटलं. त्याच आठवड्यात कधीतरी, केवळ बाबांचा चेहरा बघवेना म्हणून, आई म्हणून गेली की ताज्या माशाची तिरफळं घातलेली आमटी असती तर दोन घास गेले असते.

झालं. बाबांनी मनामाच्या बाजारातून पापलेट आणलं. आईने एक घास घेतला, बराच वेळ तोंडात फिरवला आणि ताट बाजूला सरकवलं. बाबा म्हणाले, बर्फातला मासा, तेव्हा असंच होणार. मग त्यांनी अबू अलींना सांगितलं. जिदहफ्सच्या उत्तरेला किनाऱ्यावर अबू अलींचा एक जुना हद्रा होता. हद्रा म्हणजे उथळ समुद्रात खजुराच्या काड्या आणि जाळी रोवून केलेलं कुंपण; भरतीबरोबर मासे आत येतात, ओहोटीला शेवटच्या गोल कप्प्यात अडकतात. अबू अली रोज सकाळी पिकअप घेऊन जायचे आणि गुडघाभर पाण्यातून मासे वेचून आणायचे. त्यांनी जिवंत फडफडणारी साफी पाठवली. आईने तिचाही एकच घास घेतला. बाबा म्हणाले, बारीक मासा, नुसते काटे. खरं तर साफीला एवढे काटे नसतात. तिसऱ्या वेळी काय आणलं होतं ते आठवत नाही. त्याची आमटी आंबट झाली होती, असं ठरलं.

म्हणून मग सुबैती. हिवाळ्यात उत्तरेचा गार वारा सुटला की हा मासा खोल समुद्रातून किनाऱ्याजवळ येतो. करडी पाठ, जाड ओठ, हातभर लांब, घट्ट पांढरं मांस, आणि डोक्याची आमटी होईल एवढं डोकं. साहेबांनी बाबांना सांगितलं होतं की थंडीत मोठा मासा आळशी असतो, फार खात नाही, त्याच्या तोंडासमोरून माशी पुन्हा पुन्हा, सावकाश न्यावी लागते. हे ट्राउटबद्दल होतं. बाबांनी ते सुबैतीला लागू केलं आणि सुट्टीच्या प्रत्येक दिवशी किनाऱ्यावर जाऊन मांडीएवढ्या थंड पाण्यात उभे राहू लागले. शाळेला सुट्टी होती म्हणून मीही जायची आणि दगडावर बसून वाचायची. ते हात मागे न्यायचे, थांबायचे, पुढे आणायचे. तीन आठवडे एकही मासा नाही. मला वाटतं, ते तीन आठवडे त्यांच्यासाठी बरे गेले. करण्यासारखं काहीतरी होतं.

महिना मार्गशीर्ष होता. आई मार्गशीर्षातले गुरुवार करायची आणि ते वर्षही तिने सोडलं नाही. गुरुवारी पहाटे फरशी पुसायची, पाटावर कलश मांडायचा, त्यावर नारळ, पाच पानं. संध्याकाळी पूजा आणि पोथी. दुसऱ्या दिवशी सकाळी कलश हलवेपर्यंत घरात मासळी यायची नाही, शिजायची नाही, तिचा वासही यायचा नाही. त्या वर्षी फरशी मी पुसायची आणि पोथीही मी वाचायची, कारण आईला बसवत नव्हतं. भिंतीवरच्या ट्राउटचं काय करायचं हा प्रश्न तो घरात आला त्याच वर्षी निघाला होता. बाबांचं म्हणणं, तो मासा नाही, बक्षीस आहे. आईचं म्हणणं, लक्ष्मीला इंग्रजी वाचता येत नाही, तिला मासाच दिसणार. तेव्हापासून दर गुरुवारी त्यावर एक पंचा टाकला जायचा, आणि शुक्रवारी कलश हलला की काढला जायचा.

मार्गशीर्षाच्या शेवटच्या गुरुवारी बाबांनी सुट्टी घेतली होती. मासा आणायचा शुक्रवारी, पण भरतीची वेळ बघून ठेवू, हात मोकळा करू, एवढ्यासाठी आम्ही सकाळी गेलो. आणि नेमका तेव्हा तो लागला. आधी दोरी नुसती थांबली, जशी दगडात अडकावी. मग ती चालायला लागली. छडी अर्धी वाकली होती आणि ते पाण्यातून हळूहळू बाजूला सरकत होते, एखाद्या जड माणसाला हाताला धरून न्यावं तसे. अर्धा तास गेला असेल. शेवटी त्यांनी दोन्ही हात पाण्याखाली घालून त्याला धरलं तेव्हा मी पुस्तक टाकून धावले. भिंतीवरच्या ट्राउटपेक्षा तो मोठा होता. माशी ओठाच्या कडेला होती; तिच्यातली साडीची जर चमकत होती.

बाबांचा चेहरा मी तसा नंतर कधी पाहिला नाही. तो आनंद दोनतीन श्वास टिकला. मग ते म्हणाले, "आज घराक न्हेवक येवचा नाय. गुरुवार."

अबू अलींच्या फ्रीजमध्ये ठेवता आला असता. मी तसं म्हटलंही. बाबांनी मान हलवली. फ्रीजमध्ये ठेवला की झाला बर्फातला. हा उद्यापर्यंत जिवंत राहिला पाहिजे. ओल्या हातांनी धरला, पाण्याबाहेर काढला नाही, की मासा जगतो, हे साहेबांनी शिकवलं होतंच. सोडून देण्याची ती विद्या बाबांनी ठेवून घेण्यासाठी वापरली. त्यांनी त्याला पाण्यातूनच ढकलत अबू अलींच्या हद्र्यापर्यंत नेलं, शेवटच्या गोल कप्प्यात सोडलं आणि कप्प्याच्या तोंडावर जाळीचा तुकडा ओढून नायलॉनच्या दोरीने बांधला. तिथे ओहोटीलाही गुडघाभर पाणी राहायचं. गाठ मारली. सवयीने मला म्हणाले, ओढून बघ. मी ओढून पाहिली.

संध्याकाळी उद्यापन होतं. पाच सवाष्णी किंवा कुमारिका हव्यात. ओळखीतल्या तीन आल्या, चौथ्या उम्म अली फळं घ्यायला आनंदाने येऊन बसल्या, आणि पाचवी म्हणून मला बसवलं. बाबांना राहवलं नाही. प्रसाद वाटून होताच त्यांनी आईला पलंगाशी बसून सगळं सांगितलं, दोन्ही हातांनी लांबी दाखवत. उद्या बरोबर दहाला आमटी, असं सांगून ते तिरफळं शोधायला बाहेरच्या खोलीत गेले. आई हसत होती. ते गेल्यावर तिने मला खुणेने जवळ बोलावलं, आणि मला वाटलं पाणी हवं असेल.

ती म्हणाली, "बर्फातलो मासो गेलो नाय, तर हे म्हणाले बर्फ वायट. बारको गेलो नाय, तर म्हणाले काटे वायट. ह्यो तर मोठो नि ताजो. ह्यो पण गळ्याखाली गेलो नाय, तर मगे दोष कोणाक देतले?"

मी म्हटलं, जाईल गं, एकदा खाऊन तर बघ. तिने माझा हात धरला. तिच्या बोटांना हळदीकुंकवाचा वास होता.

"जावचो नाय, बाय. माका ठावक आसा. आणि हे समोर बसान बघतले." थोडा वेळ ती श्वास घेत राहिली. "सकाळी जा आणि सोडून दी तेका. गाठ सुटली असा वाटांदे ह्यांका. आणि कधी सांगू नको. माझी शप्पथ."

मी सोळा वर्षांची होते आणि मला राग आला. तिचा आला, तिच्या आजाराचा आला, बाबा तिरफळं शोधताना गुणगुणत होते त्याचाही आला. तरी मी जिन्यावर अबू अलींना गाठलं आणि आईचा निरोप सांगितला. त्यांनी कारण विचारलं नाही. मला ते बिन्ती, म्हणजे मुली, म्हणायचे. एवढंच म्हणाले, "गाँठ तेरे बाबा का है, बिन्ती. मैं हाथ नहीं लगाएगा. सुबह चल, यल्ला, तू खोल."

सकाळी उजाडताना मी उम्म अलींच्या शेजारी पिकअपमध्ये बसून गेले. घरी सांगितलं, त्यांना मदतीला जाते. पाणी मला वाटलं होतं त्याहून कितीतरी गार होतं. अबू अली दुसऱ्या टोकाला आपली साफी वेचत पाठ करून उभे राहिले. मी कप्प्याशी वाकले. सुबैती तळाशी, कुंपणाला लागून, नुसते कल्ले हलवत उभा होता. मी गाठीला हात घातला आणि ती सुटेना. रात्रभर पाण्याने ओढून ती आवळली होती, बोटं थंडीने बधिर झाली होती, नखं घसरत होती. उम्म अलींनी पिकअपमधून सुरी दाखवली. पण कापली असती तर बाबांना कळलं असतं की कोणीतरी कापली. ती आपली आपण सुटल्यासारखी दिसायला हवी होती. मी दातांनी ओढली. खारं पाणी तोंडात गेलं. मी मोठ्याने रडत होते आणि गाठ सुटत नव्हती. किती वेळ लागला ते सांगता येणार नाही. सूर्य वर आला होता एवढं आठवतं. जगात त्या गाठीची मजबुती माझ्याइतकी कोणाला माहीत नाही.

शेवटी एक पदर सरकला. मी जाळी बाजूला केली आणि मागे झाले. मासा लगेच गेला नाही. बराच वेळ कप्प्याच्या उघड्या तोंडाशी थांबला, आणि मग काहीच न झाल्यासारखा, सावकाश, खोल पाण्याकडे निघून गेला.

बाबा नऊच्या सुमारास गेले आणि साडेनऊला परत आले. पँट गुडघ्यापर्यंत ओली होती. हातात नायलॉनची दोरी होती, आणि ते दारात उभं राहून तिच्या टोकाकडे बघत होते. "गाठ सुटली," म्हणाले. कोणाला उद्देशून नाही. मागून जिना चढणारे अबू अली म्हणाले, "समंदर का मर्ज़ी, रफीक. खलास." बाबांनी मान हलवली. समुद्राला दोष देणाऱ्यांतले ते नव्हते.

आईने आतून हाक मारली. म्हणाली, जाऊ दे, आज मला वरण-भात जाईल असं वाटतंय. बाबांनी कुकर लावला. तिने त्यांच्यासमोर बसून चार घास खाल्ले, लिंबू मागून घेतलं, चांगलं झालंय म्हणाली. बाबा बघत होते. मग तिने मला न्हाणीघरात न्यायला सांगितलं, दाराला कडी घालायला लावली आणि नळ सोडायला लावला. पाण्याच्या आवाजात मी तिची पाठ धरून उभी होते. ते चार घास तिने कसे आत ठेवले होते, मला माहीत नाही.

पौष संपायच्या आत ती गेली.

त्या शेवटच्या गुरुवारी ट्राउटवर टाकलेला पंचा मग कोणी काढला नाही. आम्ही ते घर सोडलं तेव्हा बाबांनी तो पंच्यासकट अबू अलींना दिला, छडीही दिली. माशी त्यांनी पुन्हा बांधली नाही. पण गाठी बांधायचे. बाजाराच्या पिशवीची, गादीच्या वळकटीची, माझ्या शाळेच्या डब्याच्या रुमालाची. एकीवर दुसरी, दुसरीवर तिसरी. शेजारी हसायचे. मीही हसायची, कारण न हसणं कठीण होतं. मग एकदा, बऱ्याच वर्षांनी, गावी परत गेल्यावर ते कोणाला तरी सांगताना मी ऐकलं की तिच्या पोटात त्या दिवशी तो मासा गेला असता तर ताकद आली असती, त्या ताकदीवर ती निभावली असती. अगदी शांतपणे सांगत होते. त्यांना दोष द्यायला कोणी उरणार नाही ह्याची आईला भीती होती. आपल्या माणसाला ती पुरतं ओळखत होती, फक्त एवढंच तिच्या लक्षात आलं नव्हतं की कोणी उरलं नाही तर तो दोष स्वतःवर घेईल.

सांगावं असं किती वेळा मनात आलं. मग वाटायचं, काय सांगायचं? की तुमची गाठ पक्की होती, तुमच्या आमटीचाच उपयोग झाला नसता? कोणतं ओझं कमी, ते मला साठीतही ठरवता आलेलं नाही. सोळाव्या वर्षी आईने घातलेली शप्पथ हे त्यातलं सर्वांत सोयीचं कारण होतं, आणि मी ते वापरत राहिले.

मी अजून तिकडेच, आखातात, रिफ्याला राहते. दरवर्षी सुट्टीत गावी जायची, आणि निघताना बाबा माझ्यासाठी खोकं बांधायचे. आमसुलं, कुळथाचं पीठ, तिरफळं. शेवटच्या वर्षी त्यांचे हात कापायला लागले होते, तरी दुसऱ्या कोणाला दोरीला हात लावू दिला नाही. ओसरीवर खाली बसून पाऊण तास बांधत होते. बाहेर रिक्षा थांबली होती. तिसरी गाठ मारून त्यांनी खोकं माझ्याकडे सरकवलं.

"ओढून बघ गो बाय."

मी ओढली. म्हटलं, "बाबा, तुमची गाठ कधी सुटूक नाय."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं, मग दोरीकडे. म्हणाले, "एकदा सुटलली."

रिक्षावाल्याने हॉर्न दिला. मी दोरी पुन्हा दोन्ही हातांनी धरली आणि होता तेवढा जोर लावून ओढून पाहिली, त्यांना नीट दिसेल अशी.